डोळे खाली घालून

इंग्रजी मी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून शिकलो. क्रियापदांची रूपे घडाघडा म्हणत असे. शब्दयोगी अव्ययांत कुणाला हार जात नसे. पण इंग्रजी बोलताना डोळ्यांचे काय करायचे, हे काही मला त्यातून कळले नाही!

तो धडा घरी मिळाला. "मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतोस?" वडिलांनी एकदाच विचारले. पुन्हा विचारायची वेळ आणण्याची माझी काय प्राज्ञा!

१९७२ साली एका कंपनीत मुलाखतीला गेलो. साहेब विलायती. आधीची नोकरी का सोडलीत, असे त्यांनी विचारले. आईच्या दुखण्यापायी, हे खरे कारण मी चोख व्याकरणात सांगितले. फक्त सांगताना नजर सवयीने टेबलावरच्या पेपरवेटवर खिळली होती. नोकरी मिळाली नाही. पुढे तिथल्या हेडक्लार्ककडून कळले, की 'हा माणूस काहीतरी लपवतो आहे' असा साहेबांचा ग्रह झाला होता. आता सांगा, वडिलांपुढची अदब साहेबांपुढे लबाडी ठरावी ना?

नंतर मी इंग्रजीचाच मास्तर झालो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचे १९५९ सालचे 'द सायलेंट लँग्वेज' वाचले, तेव्हा कुठे उलगडा झाला. न बोलता बोलायच्या भाषाही देशोदेशी निराळ्या असतात तर! याच हॉलसाहेबांनी पुढे १९६६ च्या पुस्तकात मोजून सांगितले, की अमेरिकन माणूस ओळखीच्या माणसाशी बोलतानाही दीड ते चार फूट अंतर राखतो. सकाळची दादरची लोकल त्यांनी पाहिली नसावी.

वर्गात हे सारे मी रंगवून सांगे. तिकडची बाई रागावली की "लुक ॲट मी" म्हणते, आणि इकडे पोराने तसे पाहिले की आपण त्याला उद्धट म्हणतो. मुले हसत. मलाही आपण फार शहाणे झालो असे वाटे.

आणि एका वर्षी तोंडी परीक्षेला एक मुलगा आला. उत्तरे हळू, पण नेटकी. नजर मात्र माझ्या चपलांवर. 'आत्मविश्वास' या रकान्यात मी दहापैकी तीन लिहिले आणि पुढच्याला हाक मारली. दाराशी गेलेला तो मुलगा वळला, आणि तसाच खाली पाहत त्याने मला वाकून नमस्कार केला.

मला पेपरवेट आठवला.

तीनाचे आठ केले. खाडाखोडीशेजारी सही केली. पण त्याआधीच्या वर्षांत किती जणांच्या वाट्याला असे तीन आले असतील, त्याचा हिशेब कुठून आणू?

घरी येऊन बायकोला सारे सांगितले. म्हटले, "बरोबर केलं ना मी?"

तिने मान हलवली. उभी नव्हे की आडवी नव्हे, आपल्याकडची तिरकी. ते 'हो' होते की 'आता काय उपयोग' होते, इतकी वर्षे संसार करूनही मला कळलेले नाही.