खिशातला लोहार

कपाशी फुटायला लागली की यवतमाळकडच्या शेतकऱ्याचा खिसा जड होतो. पैशानं नव्हे, कापसाचा चुकारा हातात यायला अजून अवकाश असतो, आणि आला तरी तो आपल्या पायानं कृषी केंद्राच्या उधारीकडे चालत जातो. खिसा जड होतो तो सुतळीच्या गुंडाळीनं, दाभणानं, चुन्याच्या डबीनं, मोटरसायकलच्या पान्यानं आणि मूठ सैल झालेल्या चाकूनं. एवढा सगळा संसार एकाच मुठीत घडी करून ठेवावा, हे कुणाला तरी सुचणारच होतं.

सुचलं ते स्वित्झर्लंडात. कार्ल एल्सेनर या कारागिरानं १८८४ साली इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. शिपायाला जेवणाचा डबा फोडायचा होता आणि नव्या बंदुकीचे स्क्रू सोडवायचे होते, म्हणून त्यात अवजारंही मोजकीच. हाच कारखाना पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला. टिम लेदरमन या अमेरिकन माणसाची गोष्ट अलीकडची. १९७५ साली तो एका जुनाट फियाटमधून युरोप हिंडत होता. गाडी सारखी रुसायची. खिशातल्या चाकूनं बरंच निभायचं, पकडीपाशी येऊन अडायचं. घडीची पकड असलेलं त्याचं हत्यार विकलं जायला मात्र १९८३ उजाडलं.

दोघांचीही अडचण आधी होती, अवजार मागून आलं. आपण नेमकं उलटं करतो. दुकानातल्या काचेखाली पंधरा पाती पसरलेला चाकू दिसला की जीव जडतो. त्यात माशाचे खवले काढायचं पातंसुद्धा असतं; घाटंजीच्या कोरडवाहू रानात त्यानं काय करावं? आमच्याकडचा एखादा म्हातारा तो उलटापालटा करून म्हणेल, "खेळनं चांगलं हाय बाप्पा, पन काम काय करते?"

प्रश्न त्याचाच बरोबर आहे. पाती मोजू नयेत, कामं मोजावीत. पोत्याची सुतळी तोडायची, ठिबकची नळी सरळ छाटायची, हिरवं बोंड चिरून आत गुलाबी अळी शिरली का ते पाहायचं, पंपाची ढिली क्लिप आवळायची. याला बोटभर लांबीचं बिनदात्यांचं पातं, दणकट पकड, दोन पेचकस आणि एक टोच्या पुरतो. टोच्याला दोरा ओवायचं भोक असलं तर दुधात साखर. उघडलेलं पातं कुलूप पडून जागच्या जागी बसतं का, हे दुकानातच पाहावं. वाळल्या पऱ्हाटीवर जोर देताना मिटलेलं पातं थेट बोटांवर येतं. खिळ्यापाशी खुळखुळलं, तर चाकू परत काचेखाली. आणि निव्वळ धातूची मूठ पसंत करण्याआधी मे महिन्यातली वणीची दुपार आठवावी.

रात्रीच्या लाइटच्या पाळीत मोटर बंद पडली की हात आपोआप याच खिशाकडे जातो. जाऊ देऊ नये. या पकडीच्या मुठीला इन्सुलेशन नसतं. स्टार्टरच्या डब्यात तिचं काम नाही.

पुढची सगळी जपणूक म्हणजे काळ्या मातीशी भांडण. वाळली की ती पिठासारखी सांध्यात जाऊन बसते, त्यात घामाचं मीठ मिसळतं, आणि स्टेनलेस म्हणून घेतलेल्या पोलादावरही तांबूस ठिपके उमटतात. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, थोडं ऊन. मग खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. घरात जवसाचं तेल असतं, पण ते इथे चालत नाही. ते हवेत सुकून कडक होतं (रंगवाले त्याच गुणासाठी ते वापरतात) आणि सांधा जाम करतं. संत्रं कापलं, तर पातं लगेच पुसावं.

धार लावणं हा या सगळ्यातला सुखाचा भाग. साणेच्या फिरत्या चाकावर विळा पाजवावा, तो त्याच्यासाठीच आहे. पातळ पात्याची कडा तिथं तापून निळी पडली, की पोलादाचं पाणी उतरलंच. त्यापेक्षा संध्याकाळी ओट्यावर चपटा दगड घेऊन बसावं, पाण्याचा शिंतोडा द्यावा, पातं वीसेक अंशांत कलतं धरून दोन्ही बाजूंनी सारखं फिरवावं. विळ्याला सरावलेला हात आधी जोर करतो, हळूहळू निवतो, आणि मग दगडातून एकसुरी बारीक आवाज येऊ लागतो. पिकलं टमाटर न दाबता चिरलं गेलं की थांबावं.

एक विनंती उरली. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यात चाकूचा दोष नव्हता. पण औषधाची पुडी ज्या पात्यानं फोडली, त्याच पात्यानं बांधावर पेरू चिरणारे हात मी पाहिले आहेत. सांध्यात उतरलेलं औषध धोतराच्या सोग्यानं पुसून निघत नाही. पुडीसाठी एक जुनी कात्री फवारणीच्या पंपालाच बांधून ठेवा, आणि खिशातल्या चाकूला त्या कामाला लावू नका.