निळा गेला, काळा आला!

ऑफिसात मशीन बसलं की आपण काय करतो? एक्स्टेन्शन फिरवतो, आयटीवाल्याला बोलावतो आणि निवांत चहाला जातो. सॉलिड सोय! पण घरचं मशीन बसलं की? तिथले आयटीवाले आपणच. मग आपण अकाउंट्सला का असेना! आणि घर चाकूरला, आपण पुण्यात, असा मामला असेल तर तो चहाही गार होतो, बॉस.

चाकूर म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे. शिवराज पाटील चाकूरकरांमुळे निदान नाव तरी तुमच्या कानावरून गेलेलं असेल. तिथे आमच्या घरात २०१९ साली घेतलेला एक डेस्कटॉप आहे. घेतला भावाच्या अभ्यासासाठी, पण त्याची खरी मालकीण आई. आई बारा बायकांच्या बचत गटाची सचिव आहे. बचत गटांची एक पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पहिली चार सूत्रं बाराजणी मिळून सांभाळतात. पाचवं आईच्या गळ्यात. रजिस्टर ती हाताने लिहिते, पण कुणाचं किती व्याज झालं, कुणाचे किती हप्ते थकले, हा सगळा गुंता एक्सेलमध्ये. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट तिने उगाच फ्रेम करून लावलेलं नाही!

आता अपग्रेडचा फंडा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका वर्षाची जादा मुदत घ्यायची सोय होती, पण बारा बायकांचे पैसे ज्या मशीनवर मोजले जातात त्याला तात्पुरती मलमपट्टी कशाला, असा माझा विचार. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, किमान ४ जीबी रॅम लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमचं मशीन काठावर पास. भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, मधल्या खोलीत बसून मी अपग्रेड केलं. आधी आईच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर. (हे तुम्हीही करा. कंटाळा येतो, माहितीये. तरी करा.) संध्याकाळपर्यंत मशीन मस्त चालू. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परत.

तीन दिवसांत फोन. "तू दिवाळीत काय करून गेलीस की, तवापासून हे बंद पडायलंय बघ!"

बंद म्हणजे कसं? आईचं उत्तर : कधी काळा पडदा येतो, वर इंग्रजी अक्षरं. कधी काहीच नाही, पट्‌कन मरतं. काळा पडदा ऐकून दचकू नका. विंडोजचा तो जगप्रसिद्ध निळा पडदा २०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा झालाय. मेकअप बदलला, स्वभाव तोच.

मग सुरू झाली फोनवरची डॉक्टरकी. रॅम तपासणारं विंडोजचं टूल चालवलं, रॅम ठणठणीत. सिस्टिमच्या फायली तपासणारी कमांड आईने एकेक अक्षर विचारत टाइप केली, सगळं ओके. डिस्कही ठीक. आणि मशीन मरायचं थांबेना. जुन्या विंडोजवर परत जायचं बटण अपग्रेडनंतर दहाच दिवस असतं. ते २ नोव्हेंबरला गेलं. भाऊ म्हणाला, "ताई, फॉरमॅटच मारू का?" मी म्हटलं, हात लावलास तर बघ!

एव्हाना प्रकरण मशीनपुरतं राहिलं नव्हतं. गटाचं बँकेचं कर्ज नव्याने मंजूर व्हायचं होतं आणि त्यासाठी सोमवार, १७ नोव्हेंबरपर्यंत दोन वर्षांचा हिशेब छापून द्यायचा होता. बैठकीत आकडे सांगता सांगता मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू करून आईने आकडा सांगितला, तर एक मामी म्हणाल्या, "मघाशी दुसराच आकडा होता की." झालं! वास्तविक मघाचा आकडा मुद्दलाचा होता आणि नंतरचा व्याजासकट. पण बंद पडणाऱ्या मशीनमधून आलेल्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? दुसऱ्या एकीने तर या महिन्याची बचतच दिली नाही. आई फोनवर काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच खरं टेन्शन येतं.

शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली. शनिवारी सकाळी घरात पाऊल टाकलं तर कॉम्प्युटर पुढच्या खोलीत! "बायका बैठकीला पुढंच बसत्यात, म्हणून सरकवला टेबल. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच," इति अण्णा. फोनवर हे कुणीच सांगितलं नव्हतं. का सांगतील? टेबल सरकवल्याने कॉम्प्युटर आजारी पडतो, असं कुणाला वाटतं?

मग मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज आपली डायरी लिहीत असतं, ती इथे वाचायला मिळते. नावावर जाऊ नका, भाषा रुक्ष असली तरी मजकूर मसालेदार असतो. आमच्या डायरीत दोन वेगवेगळी दुखणी निघाली. २६, २९ ऑक्टोबर, ३ आणि ६ नोव्हेंबर : काळा पडदा, आणि त्याच्या नोंदीत एका ड्रायव्हरच्या फाइलचं नाव. हा ड्रायव्हर कुणाचा? टेबल पुढे आल्यावर राउटरची वायर पुरेना, म्हणून भावाने बाजारातून आणलेल्या बिननावाच्या वायफाय डोंगलचा! सोबतच्या सीडीवरचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजसाठीचं. म्हणजे अपग्रेड अगदीच धुतल्या तांदळासारखं नव्हतं. डोंगल काढला, ड्रायव्हर उडवला, लांब वायर आणली. पहिलं दुखणं खल्लास.

दुसरं मात्र चिवट. २७, ३१ ऑक्टोबर, ४, ८, १२ नोव्हेंबर. प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता गेलं. एरर कोडच्या जागी शून्य. म्हणजे विंडोजला मरताना चिठ्ठी लिहायलाही वेळ मिळाला नाही. असं झालं की विंडोज, अपग्रेड, व्हायरस ही मंडळी थोडी बाजूला ठेवायची आणि विजेकडे बघायचं. नियम नाही, पण सुरुवात तिथून बरी. आणि तारखा बघा. बरोब्बर चार दिवसांनी! कॉम्प्युटरला चौथ्या दिवशी ताप येतो की काय?

मी तारखा मोठ्याने वाचत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर नळाचे दिवस हायत."

आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. नळ येतो त्या दिवशी आई कालनिर्णयवर गोल करते. दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅसच्या तारखांच्या शेजारी. २७, ३१, ४, ८, १२. सगळे गोल जागच्या जागी! पाणी आलं की मोटार लागते. मोटारीचा आणि पुढच्या खोलीचा बोर्ड एकाच लाइनवर.

पुढचा गोल १६ तारखेचा, म्हणजे उद्याचाच रविवार. अशी टेस्ट पैसे देऊन मिळत नाही! रविवारी संध्याकाळी पाणी आलं, अण्णांनी मोटार लावली आणि माझ्यासमोर मशीनने मान टाकली. लगेच गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन दादांना हाक मारली. त्यांनी बोर्डात मीटर धरला. मोटार बंद असताना सव्वादोनशे व्होल्ट. चालू केली की थेट दीडशेच्या आसपास. "ताई, न्यूट्रलचा स्क्रू ढिल्ला हाय. हे बघा, काळं पडलंय." नवं सॉकेट, नवी वायर आणि कॉम्प्युटरला मोटारीपासून वेगळी लाइन. वर एक छोटा यूपीएस घ्यायचा सल्ला. तो मी पुण्यात पोचायच्या आधीच मागवून टाकला.

मोटार पुन्हा लावली. मशीन चालू! अण्णांनी खात्रीसाठी तीनदा बंद-चालू करून पाहिली, टाकी भरून वाहेपर्यंत.

ही सगळी स्टोरी मी आईला सांगत होते, तर तिला त्यात फारसा इंटरेस्ट नव्हता. तिने एकच विचारलं, "म्हंजे आकडे चुकीचे नव्हते ना?" नव्हते. मी दिवाळीतला पेनड्राइव्ह लावला आणि तेव्हापर्यंतच्या नोंदी मशीनवरच्या फाइलशी ओळीने ताडून दाखवल्या. एकही आकडा हललेला नव्हता.

सोमवारी सकाळी आईने दोन वर्षांचा हिशेब छापला आणि बाराजणींना बोलावलं. त्या मामींनी आपल्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं. मुद्दल वेगळं वाचलं, व्याज वेगळं वाचलं, बेरीज स्वतः करून पाहिली. मग आईकडे पेन मागितलं आणि सही केली.