ओळीला जागा द्या

कापसाचा हंगाम लागला की अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या जिनिंगमध्ये काट्यापुढे गाड्यांची रांग लागते. अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या अशा जिनिंगसाठी मी एक्सेलमध्ये हिशेबाच्या शीट तयार करून देतो. पावती क्रमांक, गाव, वजन, ओलावा, भाव, कपात, चुकारा... एका ओळीत एका शेतकऱ्याचा माल. त्याचीच दुसरी गाडी आली की ऑफिसातली पोरं आधीची ओळ कॉपी करतात आणि वजन तेवढं बदलतात.

ती ओळ दोन नोंदींच्या मध्ये बसावी म्हणून खालच्या ओळीवर पेस्ट केली, की तिथली नोंद न विचारता पुसली जाते. लगेच दिसलं तर अनडू आहे. पण दिसतं संध्याकाळी, काट्याची बेरीज जुळत नाही तेव्हा. मग फोन येतो, 'भाऊ, मधली पावती कुठी गेली?' मी पोरांना दोष देत नाही. वहीत लिहिलेल्या ओळीवर कोणी दुसरी ओळ लिहीत नाही. त्यांचा हात तीच शिस्त पाळत असतो.

कॉपी-पेस्टची रीत १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकुरासाठी घडवली. मजकुरात नवा शब्द घातला की पुढचे शब्द सरकून जागा देतात. १९७९च्या व्हिजिकॅल्कपासून मात्र हिशेबाच्या प्रत्येक चौकटीला पत्ता आहे, बी५, सी५ असा, आणि सूत्रं त्या पत्त्यांवर चालतात. म्हणून इथं पेस्ट जागा करत नाही, आहे ती जागा भरते. एका चौकटीपुरतं ते योग्यच आहे. पण पूर्ण ओळ उचलणाऱ्याला बहुधा नोंद वाढवायची असते.

म्हणून मी पोरांना पहिल्याच दिवशी राइट क्लिक करून 'इन्सर्ट कॉपीड सेल्स' शिकवतो. त्यानं खालच्या ओळी सरकतात आणि सूत्रंही आपले पत्ते बदलून घेतात. हमालीचा दर एकाच चौकटीत ठेवून त्याच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावतो. नाहीतर कॉपी केलेलं सूत्र खालच्या रिकाम्या चौकटीकडे बघतं आणि कपात शून्य येते.

तरीही ही वाट मेन्यूत शोधावी लागू नये. लिब्रेऑफिस भरलेल्या चौकटींवर पेस्ट करण्याआधी निदान विचारतं. मला त्याहून पुढचं हवं आहे: पूर्ण ओळ कॉपी केली असेल तर पेस्टनं आधी जागा करावी, आणि पुसायचं असेल तर ते मुद्दाम सांगावं लागावं. त्या ओळीत कुणाचा तरी चुकारा असतो, आणि ती पुसली गेल्याचं रिकामी गाडी घेऊन गावाकडे निघालेल्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो.