वय झालं, एवढंच?

परसातली कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली, की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘वय झालं आता तिचं!’ हे वाक्य मोठं सोयीचं आहे. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. मग ती कोंबडी एक तर रविवारच्या रश्शात जाते, नाहीतर दोन दिवसांनी खुराड्यात मरून पडलेली सापडते. तिला नेमकं काय झालं होतं, हे कधीच कळत नाही.

माणूस निदान ‘इथे दुखतंय’ असं सांगू शकतो. कोंबडी सांगत तर नाहीच, उलट लपवते. दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचून हैराण करतात आणि मुंगसाचा डोळाही आधी तिच्यावरच पडतो. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती इतरांबरोबर माती उकरत राहते. तिचा आजार घरच्यांच्या नजरेत भरतो, तेव्हा तो बहुधा जुना झालेला असतो.

अशा वेळी विचारायचं कुणाला? पोल्ट्रीवाल्याला म्हातारी कोंबडी ठाऊकच नसते. व्यापारी फार्मवरची कोंबडी दीड-दोन वर्षांची झाली, अंडी कमी झाली, की तिची रवानगी बाजारात होते. गावठी कोंबडी मात्र नीट सांभाळली तर पाच-सात वर्षं सहज जगते. म्हणजे म्हाताऱ्या कोंबडीशी खरी गाठ पडते ती घरातल्या बाईचीच.

कोंबडीच्या म्हातारपणातली बरीचशी दुखणी अंड्यापाशी सुरू होतात. तिच्या पोटात डाव्या बाजूचा एकच अंडाशय काम करतो. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून ते पुरेसं मिळालं नाही, तर ते हाडांतून काढलं जातं. वर्षानुवर्षं हा कारखाना चालल्यावर त्यातली यंत्रं कुरकुरणारच. कवच पातळ होतं, अंडं वाटेत अडतं, कधी पिवळा बलक नळीत न जाता पोटातच पडतो आणि तिथे सडतो. अंडाशयाचा कर्करोगही कोंबड्यांना आपोआप होतो, म्हणून तर माणसांच्या त्या रोगाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कोंबड्यांकडे वळले आहेत.

कोकणातल्या एका वाडीत राहणाऱ्या काकूंची गोष्ट घ्या. मुलं मुंबईला, घरात दोघंच, आणि परसात सहा गावठी कोंबड्या. अंड्यांचे पैसे काकूंचे स्वतःचे, त्यांचा हिशेब कुणी मागायचा नाही. त्यांतली तांबडी सहा वर्षांची. एका पावसाळ्यात ती दोन दिवस डालग्यातून उठेना. शेजारीण म्हणाली, “काकू, खुडूक झाली असेल हो.”

खुडूक कोंबडी आणि आजारी कोंबडी दुरून सारखीच दिसते. पण खुडूक कोंबडीला हात लावला, की ती अंग फुगवून टोचायला धावते आणि दिवसातून एकदा तरी दाणापाण्यासाठी उठते. तांबडीने हात लावल्यावर नुसते डोळे मिटले. तिची शेपटी खाली पडली होती आणि ती राहून राहून कुंथत होती. अंडं अडलं होतं.

काकूंनी टोपात कोमट पाणी घेतलं, त्यात तिला पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवलं, मागच्या वाटेला बोटाने खोबरेल लावलं आणि पुसून, उबदार अंधाऱ्या खोलीत पोत्यावर ठेवली. पोट दाबून अंडं बाहेर काढण्याचा मोह अशा वेळी फार होतो. तो आवरायला हवा, कारण अंडं आत फुटलं तर कोंबडी बहुधा वाचत नाही. संध्याकाळी तांबडीने पातळ कवचाचं अंडं घातलं. दुसऱ्या दिवसापासून काकू शिंपल्या कुटून वाडग्यात ठेवू लागल्या. अंडं दिवसभरात पडलं नसतं, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या दिवसापासून काकूंना एक सवय लागली. रोज सकाळी खुराडं उघडताना त्या प्रत्येक कोंबडी पाच-दहा सेकंद हातात घेऊ लागल्या. निदानाची निम्मी विद्या त्यातच आहे. मानेच्या बुडाशी असलेली दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. ती दगडासारखी टणक लागली तर गवत-दोरा अडकलेला असतो. लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आतलं अन्न नासलेलं असतं. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचलं, तर कोंबडी वाळत चालली आहे, जंत किंवा आतलं दुखणं आहे. अंग गरम लागलं म्हणून मात्र घाबरू नये, कारण कोंबडीचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. तुरा पांढुरका पडला असेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. दिवसा लपून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक तांबड्या किडी तिथे सापडतात. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर जखमेत पू झालेला असतो. तेव्हा कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकावा, जंतुनाशक लावून पट्टी बांधावी आणि बसायची काठी खाली आणावी. जड झालेली म्हातारी कोंबडी उंचावरून उडी मारते, तेव्हा सगळा भार त्या तळव्यावर येतो.

मात्र एकीचं दुखणं आणि सगळ्यांची साथ यांत फरक करता आला पाहिजे. एक कोंबडी मलूल झाली तर तिला वेगळं डालगं, ऊब आणि पाणी द्यावं. पण दोन-तीन दिवसांत तिघी-चौघी पडल्या, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी असू शकते. 1920च्या दशकात भारतात हा रोग कुमाऊंमधल्या राणीखेतला ओळखला गेला आणि तेच नाव त्याला चिकटलं. त्यावर औषध नाही, लस आहे. पण लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते आणि एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती फोडणं परवडत नाही, आणि म्हणूनच परसातल्या कोंबड्या लशीवाचून राहतात. वाडीतल्या दहा घरांनी एक दिवस ठरवून डॉक्टरांना बोलावलं, तर हा प्रश्न सुटतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातली ती पहिली नोंद. तेव्हापासून एक नियम पक्का झाला आहे. कोंबड्या भराभर मेल्या, तर त्या कापायच्या नाहीत, विकायच्या नाहीत आणि आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

घरातल्या डब्यातली उरलेली अँटिबायोटिक गोळी अर्धी करून पाण्यात टाकणं, हा आणखी एक घरगुती उद्योग. औषध अंड्यात उतरतं आणि तेच अंडं नातवंडाच्या ताटात येतं. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. माणसांसाठी राखून ठेवायला हवं असं कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर भारत सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

तांबडी पुढे दोन-अडीच महिने हिंडली-फिरली. मग तिचं पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबू लागलं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, चार दिवस तिला हलकं वाटलं, पोट पुन्हा भरलं. ते म्हणाले, “काकू, दिवस वाढवता येतील, पण ती बरी होईल असं मी सांगणार नाही.” शेजारणीने पातेल्याचा मार्ग सुचवला. तो काकूंनी ऐकला नाही, कारण तिच्या अंगात औषध होतं. काका म्हणाले, “अगं, एका कोंबडीसाठी किती ते!” काकू म्हणाल्या, “अहो, सहा वर्षं तिच्या अंड्यांवर मी पैसे साठवले. शेवटचे दोन दिवस तिचे हाल होऊ देऊ?” डॉक्टरांनी एका इंजेक्शनने ते काम उरकलं. माडाच्या बुंध्याशी खोल खड्डा घेऊन तिला पुरलं.

सगळ्याच घरांत असं करता येईल असं नाही. कोंबडीपेक्षा औषध महाग पडतं, डॉक्टर दूर असतात, आणि पोट सगळ्यांनाच आहे. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण उपचार करायचे की थांबायचं, हे ठरवायच्या आधी एकदा तिला हातात घेऊन पाहणं कुणालाही जमतं. अडलेलं अंडं, पायातला पू, रात्रीच्या किडी ही दुखणी कोमट पाण्याने, पट्टीने, खुराड्याच्या फटी साफ केल्याने सुटू शकतात. जे सुटत नाही, तेही पाहिल्यावरच कळतं. वय हे कारण असेल, पण ते सगळं पाहून झाल्यावर शेवटी म्हणायचं. आधी म्हटलं, तर पाहायचंच राहून जातं.