त्याचंही रक्त

नवऱ्याचं रक्त इतकी वर्षं कुणी मागितलं का नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

आम्ही उज्जैनजवळच्या भैरवगढचे. सासरे इथल्या सेंट्रल जेलमध्ये नोकरीला होते, निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. लग्न, दिवस राहणं, दोन-अडीच महिन्यांत पोट पडणं, पुन्हा तेच. त्यात शिरत नाही. थायरॉईड, साखर, गर्भाशयाची दुर्बीण, सगळं माझं झालं. त्याची एकच तपासणी, वीर्याची. शुक्राणूंची संख्या उत्तम, हालचाल उत्तम. तेवढ्यावर तो सुटला. सासूबाई मला सिद्धवटावर घेऊन गेल्या. तिथे एकीकडे पिंडदान चालतं, दुसरीकडे मूल मागणारे उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात. तोही मीच काढला.

शेवटी इंदूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळून विचारलं, "यांचा कॅरियोटाइप कुठाय?"

दोघांचं रक्त गेलं. लॅबमध्ये पेशी तीनेक दिवस वाढवतात, विभागताना मधेच थांबवतात, रंगवून क्रोमोसोम बघतात. माझे ४६, ठीक. त्याचेही ४६च, पण ११ नंबरचा तुकडा २२ वर आणि २२ चा ११ वर. हरवलं काहीच नाही, म्हणून तो ठणठणीत. मात्र शुक्राणूत निम्मेच क्रोमोसोम उतरतात. तिथे एक तुकडा जास्त, दुसरा कमी पडला की गर्भ बहुधा टिकत नाही. शुक्राणू मोजून किंवा पळताना बघून हे कळूच शकत नाही! वारंवार गर्भपात होणाऱ्या १०० जोडप्यांत ३ ते ५ जणांकडेच असं काही निघतं आणि तपासणी महाग, म्हणून ती मागे ठेवतात असं मला समजावण्यात आलं. पटतं. पण माझ्या गर्भाशयात दुर्बीण घालताना असले हिशेब कुणी केले होते? दुसऱ्यांदा पोट पडलं की बायकांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, दोघांचं रक्त कधी घेताय? आणि पडलेल्या गर्भाचीही तपासणी मागावी. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त गर्भ क्रोमोसोमच्या गडबडीनेच जातात, तेही बहुतेक वेळा आईबापांत काही नसताना.

रिपोर्ट वाचून मला आनंद झाला. चांगला दोन दिवस टिकला. मग सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, लॅबच चुकली असेल," तेव्हा मीच त्याच्या बाजूने भांडले. जन्मतःच आहे, त्याने काय केलं? माझ्यासाठी असं कुणी भांडलं नव्हतं, हे भांडताभांडताच आठवलं.

आता टेस्टट्यूबने गर्भ बनवून, त्याचे क्रोमोसोम तपासून मगच आत सोडायचा, असं चाललंय. गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्याने एवढी तपासणी चालते, लिंग मात्र सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं: ही अदलाबदल त्याला आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असेल तर भावंडांतही असू शकते. नणंद देवासला दिलेली, वर्षही झालेलं नाही. नवरा लगेच फोन लावायला निघाला. तिच्या सासरी कळलं तर सगळं तिच्यावरच येणार, म्हणून मी म्हटलं, एवढ्यात नको.