पट्टीचा रंग, धाग्याचा ताण

चाळिशीनंतर बॅडमिंटन शिकायचं ठरवलं. मयूर विहारच्या बाजारातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मी फक्त “शटल द्या” म्हटलं, तर दुकानदाराने नायलॉनच्या शटलचे तीन डबे पुढे ठेवले. एकावर हिरवी पट्टी, एकावर निळी, एकावर लाल. मला तिन्ही सारखीच दिसत होती. हिरवं संथ, निळं मध्यम, लाल वेगवान. थंडीत हवा दाट होते, ती शटलला जास्त अडवते, म्हणून डिसेंबरच्या दिल्लीत लाल पट्टीचं घ्यायचं. शटल ऋतू पाहून घ्यायचं असतं, हे तिथे कळलं.

सोसायटीत रात्री दिवे लावून उघड्यावर खेळ चालतो. मी विचारलं, “टीव्हीवर तर पिसांचं शटल असतं ना?” शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, ते बंद हॉलमधलं. 16 पिसं, नवशिक्याच्या दोन वाकड्या फटक्यांत मोडतात. नायलॉनचा घेर दबतो नि परत फुलतो.” पण जोरदार स्मॅशमध्ये हा घेर पिसांपेक्षा जास्त आकसतो, हवेचा अडथळा घटतो आणि शटल सुसाट येतं. काकूंच्या स्मॅशपुढे माझी रॅकेट जागची हललीसुद्धा नाही.

शटलचा डबा काकू आपल्या शालीखाली ठेवतात. नायलॉन हवेतली ओल शोषून लवचीक राहतं. कोरड्या गारठ्यात ते कडक होतं, तडकतं. प्लॅस्टिकलाही थंडी बाधते, ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती.

मग रॅकेट. ‘4यू’ म्हणजे काय, हे विचारावंच लागलं: वजन 80 ते 84.9 ग्रॅम. 1956 मध्ये सांगलीचे नंदू नाटेकर क्वालालंपूरला जिंकले, परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तो जमाना लाकडी रॅकेटचा. आजची रॅकेट कार्बनच्या तंतूंची. हे तंतू बहुधा पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या प्लॅस्टिकचे धागे हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवून करतात आणि इपॉक्सी या राळेसारख्या पदार्थात बसवतात. माझ्या अंगातला अ‍ॅक्रिलिक स्वेटर त्याच प्लॅस्टिकच्या धाग्याचा होता!

गटिंग, म्हणजे रॅकेटला तार बसवण्याचं काम, करताना दुकानदाराने विचारलं, “टेन्शन कितना रखूँ?” मला उत्तर येईना. त्याने 20 पौंड ठेवलं. ही तार म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू पिळून केलेला धागा. ताण कमी असला की तार जास्त लवते आणि कमी जोरातही शटल लांब जातं. माझं शटल प्रथमच मागच्या रेषेपर्यंत पोचलं, त्यात मनगटापेक्षा तारेचा वाटा मोठा होता.

शेवटी काकूंनी एक चिरलेली रॅकेट दाखवली. नायलॉन वितळवून पुन्हा घडवता येतं; इपॉक्सी एकदा घट्ट झालं की वितळत नाही. त्या चौकटीचं पुन्हा काही होणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तार तुटलेली पण चौकट धड असलेली रॅकेट मात्र नव्या गटिंगने पुन्हा उभी राहते. अशा कितीतरी रॅकेट आमच्या माळ्यांवर पडून आहेत. सोसायटीतल्या नवशिक्या मुलांसाठी त्या गोळा करायला मी सुरुवात केली आहे.