कॉट बेसिस

परवा रात्री मामांचा फोन आला. मी नुकताच ऑफिसातून येऊन मॅगीचं पाणी ठेवलं होतं. "अरे, धाकट्याचा नंबर पुण्यात लागतोय बहुतेक. कॉम्प्युटरला. तू तिथंच शिकलाय, तेवढं कॉलेज कसं आहे ते बघ की."

मग अर्धा तास कॉलेजवर बोललो. प्लेसमेंट किती, फी किती, ऑप्शन फॉर्ममध्ये कोण वर आणि कोण खाली, कितव्या राउंडला थांबायचं. मामा वही घेऊनच बसले होते. मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. (मॅगीचं पाणी एव्हाना आटलं.) फोन ठेवता ठेवता मी विचारलं, "आणि राहणार कुठे तो?"

"राहायचं काय, बघू की. पुण्यात खोल्यांना काय तोटा?"

झालं! २०१६ मध्ये आमच्या आप्पांनी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा हा वीकांत या विषयाला. मामांसाठी, आणि ज्यांच्या घरी सध्या कट-ऑफची वही निघाली आहे अशा सगळ्यांसाठी.

तर आम्ही बार्शीहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरलो. सोबत एक ट्रंक, एक गादीची वळकटी, पिशवीभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कॉलेजात कागद तपासून, पैसे भरून हुश्श म्हणेपर्यंत दुपारचे दोन वाजले. हॉस्टेलची चौकशी केली तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "यादी कधीच लागली." हॉस्टेलचा फॉर्म वेगळा असतो, तो वेगळा भरायचा असतो आणि त्याची तारीख वेगळी असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. आप्पांची परतीची गाडी संध्याकाळची. म्हणजे कॉलेज निवडायला आम्हाला तीन महिने मिळाले होते आणि खोली निवडायला तीन तास.

कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट भेटलाच. तो म्हणाला, "रूम नाही मिळणार काका, कॉट बेसिस आहे." आप्पांना हे काही केल्या कळेना. "म्हणजे खोली नाही, खाट भाड्यानं?" हो, खाट भाड्यानं. पुण्यात निम्मी विद्यार्थीजनता अशीच राहते. एका खोलीत तीन कॉट, प्रत्येकाचं भाडं वेगळं. बाकीचे दोघं कोण असतील ते नशिबावर.

धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर ती खोली होती. कॉटचे महिन्याला २५०० आणि डिपॉझिट १०,०००. आता आमचे आप्पा म्हणजे मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात दिवाणजी. पोतं हललं की पट्टी फाडणारा माणूस. पट्टीशिवाय ते स्वतःच्या सख्ख्या भावालाही पैसे देणार नाहीत. त्या आप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातून दहा हजार काढले, दोनदा मोजले आणि मालकाच्या हातात दिले. ना पावती, ना करार, ना दोन ओळींचा कागद. जिना उतरताना म्हणाले, "शिकलेला माणूस दिसतो." ते पैसे त्यांनी शेठजींकडून उचल म्हणून घेतले होते, हे मला फार नंतर कळलं.

आता खोली बघताना आम्ही काय बघितलं? पंखा चालतो का, खिडकी आहे का, आणि कॉलेज किती लांब. काय बघायला हवं होतं? पाणी. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि टाकीवर झाकण आहे का! आमच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. एक फाटका फ्लेक्स दोन विटांनी दाबून ठेवलेला. ते दिसायला गच्चीवर जावं लागतं, आणि खोली बघायला आलेला कुठला बाप गच्चीवर जातो? म्हणून सांगतो, जा. खोली दाखवणाऱ्याला विचित्र वाटलं तरी जा. आणि तिथे आत्ता राहत असलेल्या पोरांना मालक नसताना पाच मिनिटं भेटा. लाइटबिल कॉटमागे कसं वाटतात, रात्री गेट किती वाजता बंद होतं, घरचं कुणी आलं तर एक रात्र राहू देतात का, हे पोरं खरं सांगतात. मालक सांगतो ते आणि पोरं सांगतात ते यात जितका फरक, तितकी ती खोली सोडून द्यायच्या लायकीची.

मेसचं थोडक्यात सांगतो. महिना भरण्याआधी चार दिवस पैसे देऊन जेवा, मग ठरवा. खाड्याचा नियम आधी विचारा. आमच्याकडे सलग चार दिवस नसलो आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा धरायचे, म्हणजे शनिवार-रविवार घरी गेलात तर ते पैसे मेसवाल्या काकांचे. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण नव्या मुलाला घराची आठवण नेमकी रविवारी संध्याकाळी सातला येते. मजल्यावरचे सगळे कुठे ना कुठे गेलेले असतात आणि आपण वडापावच्या गाडीपाशी एकटेच उभे. पहिले दोन महिने रविवारी मी शेंगाचटणीवर काढले. पुढे उदगीरच्या रूममेटने इंडक्शनवर खिचडी शिकवली तेव्हा सुटलो.

ऑक्टोबरमध्ये मला ताप आला. आधी वाटलं सबमिशनचा ताण. त्या आठवड्यात ग्राफिक्सच्या शीट्स चालल्या होत्या, रात्र रात्र जीटी मारणं चालू होतं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट ट्रेस करणे. इंजिनिअरिंगमधली पहिली खरी स्किल.) मग जेवण जाईना, पाणीसुद्धा उलटून पडायला लागलं. डोळे पिवळे झालेत हे उदगीरवाल्याने सांगितलं. कावीळ.

आणि रोज रात्री नऊला आप्पांचा फोन यायचा. "कसं चाललंय?" मी कॉटवर पडल्या पडल्या सांगायचो, "मस्त चाललंय." आठ दिवस मी हे सांगितलं. का, ते आज नेमकं सांगता येत नाही. एवढे पैसे घालून पाठवलंय, पहिल्या तीन महिन्यांतच पोरगं आजारी पडून परत आलं असं आळीत व्हायला नको, असं काहीतरी डोक्यात होतं. शेवटी उदगीरवाल्याने माझ्या मोबाइलवरून घरी फोन लावला. मी त्याच्यावर इतका चिडलो होतो की दोन दिवस बोललो नाही. आप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभे. मला बघून काही म्हणाले नाहीत. नुसतं डोक्यावरून हात फिरवला आणि गादी गुंडाळायला लागले.

महिनाभर घरी होतो. त्यातच ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. आडत बाजारात सगळा रोखीचा व्यवहार, त्यामुळे आप्पांच्या दुकानातही शुकशुकाट. मी अंथरुणावर उसाचा रस पीत पडलेलो आणि ते ओसरीवर वही उघडून नुसतेच बसलेले, एवढं आठवतं. परत आलो तेव्हा अटेंडन्सच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, आणि सेमिस्टरच्या निकालात एम-वन आणि मेकॅनिक्स हे दोन विषय गेलेले.

आणि कॉट पण गेलेली. माझ्या कॉटवर जळगावचा एक मुलगा, माझी ट्रंक आणि ड्राफ्टर जिन्यात. मालक म्हणाले, महिन्याची नोटीस न देता सोडलं, डिपॉझिट मिळणार नाही, तसं ठरलंच होतं. असं काहीच ठरलं नव्हतं. पण कागद कुठे होता? आप्पा आले, हात जोडून बोलले, मीही बोललो. मालकांनी चहा पाजला, पैसे दिले नाहीत. परत जाताना स्वारगेटच्या फलाटावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी पट्टी मागायला पाहिजे होती रे." त्यांच्या तोंडून माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल झालेली ती पहिलीच. माझ्या दोन बॅकलॉगपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. विषय पुढच्या प्रयत्नात सुटले.

गंमत बघा. मागच्या वर्षी वाकडच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार करताना, अंगठ्याचे ठसे आणि फोटो वगैरे सोपस्कार चालले असताना, मी वेळ जावा म्हणून नियम वाचत बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत! म्हणजे कागद नव्हता ही आमची लंगडी बाजू समजून आम्ही मान खाली घालून उभे होतो, आणि ती उलट मालकांची होती. आप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग." खरंय. पण तुम्हाला आहे. करार करायला मालक तयार नसेल, तर निदान डिपॉझिट बँकेतून पाठवा आणि त्याच दिवशी मोबाइलवर मेसेज टाका: अमुक खोली, इतकं डिपॉझिट, नोटीस इतक्या दिवसांची. त्यांनी "ओके" एवढं उत्तर दिलं तरी पुष्कळ.

पैशाचं अजून एक. कागद ज्यांचे बसतात त्यांनी राहण्याच्या योजनांचे अर्ज फीच्या स्कॉलरशिपबरोबरच भरावेत. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना स्वाधार योजना आहे. मात्र हे पैसे हातात आल्याशिवाय भाड्याच्या हिशोबात धरू नका. उदगीरवाल्याची रक्कम दुसऱ्या वर्षी आली ती वर्ष संपल्यावर. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. गावाकडच्या गरजू मुलामुलींना कमी पैशात राहायची सोय, आणि सोबत काम करून शिकायची सवय. जागा मोजक्या, त्यामुळे निकाल लागल्या लागल्या चौकशी करायची. मला हे नाव दुसऱ्या वर्षी कळलं. मुलींसाठी २०२४ च्या जुलैत चांगला निर्णय झाला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पण त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. माझ्या टीममधल्या एकीच्या बहिणीची फी माफ झाली आणि घरचे हॉस्टेलचा आकडा बघून परत लातूरचंच कॉलेज बघायला लागले.

असो. दुसऱ्या वर्षी मी आणि उदगीरवाला एका आजींच्या घरी वरच्या खोलीत गेलो. या वेळी मी गच्चीवर गेलो होतो. टाकीला झाकण होतं, वर कुलूप! आजी कडक. दहानंतर गेट बंद, चपला जिन्यात नको, कांदे-लसणाची सालं गॅलरीत नको. आम्ही त्यांना मागे जेलर म्हणायचो. तिथेच शेवटच्या वर्षापर्यंत राहिलो. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आठवडाभराचे कपडे घेऊन आम्ही घरी गेलो आणि पुढे सात महिने परत आलोच नाही. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षासुद्धा ऑक्टोबरात ऑनलाइन, बार्शीतून दिली. सामान घ्यायला गेलो तर पुस्तकं पेपरात गुंडाळून ठेवलेली, गाद्यांना ऊन दाखवलेलं. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "राहिला नाहीत त्याचं कसलं भाडं?" डिपॉझिट पाकिटात घालून दिलं आणि पाकिटावर सही घेतली. सहीशिवाय सोडलं नाही :-)

परवा हे सगळं मामांना एका दमात सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "कावीळ झाली होती तुला? ताईनं आम्हाला साधा ताप म्हणून सांगितलेलं." म्हणजे आमच्या घरात हे "मस्त चाललंय" वरपासूनच आहे. मग मी धाकट्याला फोनवर घेतलं. कट-ऑफ सोडून पहिल्यांदाच कुणी त्याच्याशी बोलत होतं बहुतेक. त्याला म्हटलं, रोज नऊला घरून फोन येईल तेव्हा काय सांगायचं ते सांग, पण मला खरं सांगायचं, रात्री दोनला सुद्धा. तो "हो दादा" म्हणाला. मग जरा थांबून हळूच, "दादा, मला स्वयंपाक काहीच येत नाही."

शनिवारी पहाटे तो आणि मामा स्वारगेटला उतरतायत. मी गाडी घेऊन जातोय. दोन दिवस माझ्याकडेच राहतील, खोल्या सावकाश बघू. मामांना सांगून ठेवलंय, रोख पैसे आणू नका. आणि शेंगाचटणी जास्तीची आणा.